आईचं नाव ट्रायलमध्ये घालायचं का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): नगर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे : ‘आई ५८ वर्षांची आहे. डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. केमो झाले, ऑपरेशन करून स्तन काढला. काखेतल्या गाठींमध्येही आजार होता, त्यामुळे आता छातीला आणि काखेकडच्या भागाला शेक (रेडिएशन) द्यायचा आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी एक ट्रायल सुचवली. अर्ध्या बायकांना नेहमीसारखे तीन आठवड्यांत १५ शेक, आणि अर्ध्यांना जास्त मात्रेचे पाचच शेक, एका आठवड्यात. कोणाला काय, ते म्हणे कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनाच माहीत नसेल तर आम्ही कोणाला विचारायचं? भाऊ म्हणतो, गरिबांवर प्रयोग चाललेत, गर्दी हटवायला पाच शेकांत उरकतायत, आईला गिनीपिग होऊ देणार नाही. शेजारच्या काकू म्हणतात, नवीन ते चांगलंच असणार, घ्या. आईला आजार माहीत आहे, पण ट्रायलबद्दल आम्ही काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरेल. आणि नाही म्हटलं तर डॉक्टर आईकडे दुर्लक्ष तर करणार नाहीत ना?’

प्रिय ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही जे घाबरत घाबरत विचारलंय, त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाही म्हटलं तर आईला नेहमीचे १५ शेक त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून मिळतील. हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं आणि असायलाच हवं. हो म्हटल्यावर मधूनच बाहेर पडायचीही मुभा असते आणि त्याचं कारण सांगावं लागत नाही. ओपीडीच्या गर्दीत एखादा तरुण डॉक्टर घाईघाईने बोलला, चेहरा त्रासिक केला, असं होऊ शकतं. त्या चेहऱ्याकडे बघून सही करू नका. कोणी दबाव आणतंय असं वाटलं तर त्याच कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटचं हित जपणाऱ्या समितीचा, फोन नंबर छापलेला असतो. तो अशाच वेळी वापरण्यासाठी आहे. एका रुग्णालयाच्या अशा कमिटीत मी काही वर्षं काम केलं आहे, आणि पेशंटच्या घरच्यांचे फोन फार कमी यायचे याचं मला नेहमी वाईट वाटायचं.

आता ‘डॉक्टरांनाच माहीत नाही’ याबद्दल. तुमच्या मनात असं आहे की दोनपैकी एक उपचार चांगला आहे, तो कोणता हे चांगल्या डॉक्टरला ठाऊक असतं, आणि ठाऊक नसेल तर तो डॉक्टर कच्चा. शेकाचा इतिहास पाहिला तर असं दिसत नाही. आज ज्याला आपण ‘नेहमीचे १५’ म्हणतो ते नेहमीचे कधी झाले? पूर्वी स्तनाच्या कॅन्सरला पाच आठवडे, २५ शेक देण्याचीच रीत होती. १९९९ पासून ब्रिटनमध्ये हजारो बायकांनी तुमच्या आईसमोर आलेल्या कागदासारख्याच कागदावर सह्या केल्या, काहींना २५ मिळाले, काहींना १५, आणि पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. आजार उलटण्यात फरक पडला नाही, आणि १५ वाल्यांना त्वचेचे व स्तनाचे त्रास उलट कमीच झाले. तेव्हा कुठे जगभरच्या डॉक्टरांचा तीन आठवड्यांवर विश्वास बसला. आईला मिळू शकणारा जुना, भरवशाचा उपचार हादेखील एका ट्रायलमधूनच आलेला आहे.

पाच शेकांचा विचारही हवेतला नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट होते : १५ शेकांत एकूण ४० ग्रे, पाच शेकांत २७ ग्रे आणि पाच शेकांत २६ ग्रे. ग्रे म्हणजे शेकाची मात्रा मोजायचं एकक. एका वेळची मात्रा वाढवली की निरोगी भागाला त्याच्या प्रमाणापेक्षा जास्त इजा होते, म्हणून एकूण मात्रा खाली आणावी लागते. ‘जास्त मात्रेचे पाच’ हे ऐकून तुम्ही दचकलात, पण एका वेळची मात्रा मोठी असली तरी बेरीज कमी आहे. पाच वर्षांनी त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण १५ वाल्यांत शंभरात २.१ होतं आणि २६ ग्रे वाल्यांत १.४, म्हणजे पाच शेक कमी पडले नाहीत. त्वचा घट्ट होणं, सूज, आकार बदलणं असे मध्यम ते जास्त त्रास १५ वाल्यांत ९.९ टक्के, २६ ग्रे वाल्यांत ११.९ टक्के आणि २७ ग्रे वाल्यांत १५.४ टक्के दिसले. पहिल्या दोन आकड्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो, तिसऱ्याचा तसा म्हणता येत नाही. पाच दिवसांत मिळून फक्त एक ग्रे जास्त, तेवढ्याने त्रास वाढला. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी हा फरक ओपीडीत बसून नजरेने ओळखता आला नसता.

मग अजून ट्रायल कशाला? त्या मुख्य अभ्यासात काखेतल्या गाठींच्या भागाला शेक लागणाऱ्या बायका नव्हत्या, आणि बहुतेकींचा स्तन वाचवलेला होता. तुमच्या आईचा स्तन काढलेला आहे आणि काखेकडेही शेक लागणार आहे. तिकडून हाताच्या नसा जातात, हाताला सूज येण्याचा धोका वेगळा असतो. ब्रिटनचं उत्तर तुमच्या आईला जसंच्या तसं लावता येईल का, हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि डॉक्टरांनी तो लपवला नाही याचा मला आदर वाटतो.

कॉम्प्युटरने का ठरवायचं, तेही सांगते. समजा डॉक्टरांनीच ठरवलं. गडचिरोलीहून आलेली, नवरा मजुरीवर, मुंबईत राहायची सोय नाही, अशी बाई समोर बसली की कोणताही माणूस दयेपोटी तिला पाचवाल्या गटात टाकेल. वयस्कर, नाजूक दिसणारीला भीतीपोटी पंधरावाल्या. तीन वर्षांनी एका गटात त्रास जास्त दिसला, तर तो शेकामुळे की मुळात त्या बायकाच वेगळ्या होत्या म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. सगळ्यांची मेहनत वाया. माणसाचा हात आणि माणसाची माया, दोन्ही बाजूला ठेवण्यासाठी ते काम यंत्राकडे दिलेलं असतं. कोणता उपचार सरस हे खरोखरच माहीत नसेल, तरच असं करणं योग्य ठरतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : “दोन्हींपैकी एक आईसाठी बरा आहे असं तुम्हाला वाटतं का?” त्यांना तसं वाटत असेल तर आईला ट्रायलमध्ये घेणं बरोबर नाही.

भावाच्या रागाकडे वळते. तो राग उगाच नाही. २००९–१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस हजारो मुलींना एका प्रकल्पात दिली गेली. त्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं, प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक शब्दांत ताशेरे ओढले. सुप्रीम कोर्टातही औषधांच्या चाचण्यांवरून याचिका झाली. त्या सगळ्या रेट्यातून नियम घट्ट होत गेले आणि २०१९ साली नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम आले. एथिक्स कमिटीत किमान सात माणसं हवीत, निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची हवीत, त्यात कायदा जाणणारी व्यक्ती हवी, बाई हवी, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला साधा माणूसही हवा.

त्या ‘साध्या माणसा’चं महत्त्व मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या कमिटीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. एकदा एका ट्रायलच्या कागदांवर आम्ही डॉक्टर मंडळी तासभर आकडेमोडीवर बोलत होतो. बाईंनी शांतपणे विचारलं, “पाच वर्षं दर सहा महिन्यांनी बाईला बोलावताय, एसटीचं आणि सोबतच्या माणसाचं तिकीट कोण देणार? तिचा रोज बुडेल त्याचं काय?” कागदात त्यावर एक ओळही नव्हती. तो प्रस्ताव परत गेला आणि प्रवासखर्च घालून परत आला. भावाला हे सांगा. राखण करणारी माणसं असतात. ती सगळीकडे तितकीच जागरूक असतील असं मी म्हणणार नाही, म्हणून तुम्हीही जागरूक राहा.

‘गर्दी हटवायला’ हा त्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो खरा असण्यात मला काही गैर दिसत नाही. शेकाची मशीन कमी, बायका जास्त, रांगा लांब. पाच शेक १५ इतकेच चांगले ठरले तर त्याच मशीनवर कितीतरी जास्त बायकांना वेळेत उपचार मिळेल, आणि लांबून आलेल्या घरांचा दोन आठवड्यांचा मुंबईतला खर्च वाचेल. गैर तेव्हा होईल जेव्हा पारखून न घेता, कोणाला न विचारता, सगळ्यांना सरसकट पाच देऊन टाकतील. इथे तर उलट विचारतायत. शिवाय असले प्रश्न कंपन्या कशाला सोडवतील? शेक कमी करून कोणाचा माल खपत नाही. भारतातल्या ११ केंद्रांमधल्या १,५८३ बायकांवर एक अभ्यास झाला, टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे दात काढताना देतात तसल्या बधिर करणाऱ्या औषधाचं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं, एवढंच. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या ९० जणी हयात होत्या, न घेतलेल्यांतल्या ८६. गरिबाला परवडेल असं उत्तर शोधायचं तर ते गरीब जिथे येतात त्या रुग्णालयांनीच शोधावं लागतं.

पण ताई, एक कडू गोष्टही तुमच्यापासून लपवणार नाही. ट्रायलमध्ये एक गट मागे पडू शकतो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर किती आहे तुम्हाला माहीत आहे. गाठ लहान असेल आणि मानेत काही लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट बघावी, यावर जगभरातल्या सर्जनांमध्ये अनेक वर्षं वाद होता. टाटा मेमोरियलमध्ये २००४ पासून ट्रायल झाली. पहिल्या ५०० रुग्णांचे निकाल पाहिले तेव्हा तीन वर्षांनी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. निकालांवर पाळत ठेवणाऱ्या वेगळ्या समितीने ट्रायल तिथेच थांबवायला सांगितली. वाट पाहणाऱ्या गटातल्या माणसांच्या घरच्यांना आज काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना मुद्दाम कमी दर्जाचा उपचार दिला नव्हता. जगात तेव्हा दोन्ही पद्धती चालू होत्या, आणि ट्रायल झाली नसती तर ‘वाट बघा’ हा सल्ला आणखी कितीतरी वर्षं हजारोंना मिळत राहिला असता. तरीही धोका हा धोकाच, आणि तो समजून घेऊनच सही व्हावी.

काकूंच्या ‘नवीन ते चांगलं’ला फार वेळ देत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, आपण सगळ्यांनी किती फोन केले, किती ग्रुपवर मेसेज फिरवले! भारतातल्याच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तो पारखला गेला. आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्ही मिळून प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. त्यानंतरही पुढच्या मे महिन्यापर्यंत तो सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये राहिला आणि नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात उभे राहिले.

आता आईबद्दल. इथे मी तुमच्याशी थोडी कठोर होणार आहे. भाऊ ‘होऊ देणार नाही’ म्हणतो, तुम्ही ‘घालायचं का’ विचारता, पण आई शुद्धीवर आहे, समजूतदार आहे, केमो सोसून उभी राहिलेली बाई आहे. तिच्या वतीने सही करायचा अधिकार तुम्हा दोघांनाही नाही. तिला वाचता येत नसेल, तर तिच्यापुढे कागद वाचून दाखवताना ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो, पण अंगठा तिचाच. ‘घाबरेल’ हे तुम्ही गृहीत धरलंय. मी पाहिलेल्या बहुतेक बायका न सांगितलेल्या गोष्टींना जास्त घाबरायच्या, कारण घरातल्यांची कुजबुज त्यांना ऐकू येत असते.

तिला सांगताना ट्रायलपासून सुरुवात करू नका. शेक म्हणजे काय ते सांगा : आधी सीटी स्कॅन होईल, अंगावर खुणा करतील, मग रोज हात डोक्याच्या वर घेऊन आडवं पडायचं, मशीन फिरेल, दुखणार नाही, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. मग म्हणा, “आई, हे पंधरा वेळा करायची पद्धत आहे. पाच वेळा केलं तरी तेवढाच गुण येतो का, हे डॉक्टर तपासतायत. तुला कशात टाकतील ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. तुला काय वाटतं?” आणि गप्प बसा. ती कदाचित विचारेल, किती दिवस मुंबईत राहावं लागेल, भाकरी थापता येईल का, हात वर जाईल ना. हे प्रश्न डॉक्टरांकडे जसेच्या तसे न्या. चांगल्या ट्रायलमध्ये आजार उलटला का एवढंच मोजत नाहीत. हात किती वर जातो, सूज किती आहे, दुखतं का, हेही वर्षानुवर्षं विचारतात. तुमच्या ट्रायलमध्ये हे मोजणार आहेत का, ते विचाराच.

बाकी विचारायचं ते असं. संमतीपत्राची मराठी प्रत घरी न्यायला मिळेल का? मिळालीच पाहिजे, एक रात्र तरी ती घरात असू द्या. डावी बाजू आहे, तर दोन्ही पद्धतींत हृदयाला जाणारी मात्रा किती, आणि ती कमी ठेवायला काय करणार? किती वर्षं तपासणीला यावं लागेल, प्रवासखर्च मिळेल का? फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर ट्रायलमध्ये गेल्यावर त्यात काही बदल होतो का? आणि इजा झालीच तर? नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये मोफत उपचार आणि नुकसानभरपाई २०१९ च्या नियमांनीच बांधलेली आहे. शेकाची ट्रायल ही औषधाची नाही, तिथे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. त्यांतही भरपाई आहे, पण कोण देणार, कशी देणार हे कागदावर लिहिलेलं स्वतः वाचा. शेवटी सीटीआरआय नंबर मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ही आयसीएमआरची सार्वजनिक नोंदवही आहे. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या कोणालाही मोबाइलवर तो नंबर टाकून ट्रायल कोण करतंय, पैसे कोणाचे, काय मोजणार, हे पाहता येईल. नंबर देता आला नाही तर सही करू नका.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी कोणाला एखाद्या कंपनीच्या अगदी नव्या औषधाची ट्रायल सुचवली असेल, तर माझं वरचं बोलणं सरसकट लावू नका. तिथे आधी विचारा, हे औषध याआधी किती माणसांना दिलंय, आणि दुसऱ्या गटाला नेहमीचा उपचार मिळणार की नुसती बिनऔषधाची गोळी. प्रश्न तसेच, पण उत्तरं बरीच वेगळी येऊ शकतात.

माझं मत विचारलंत तर, उत्तरं नीट मिळाली आणि आईची तयारी असेल, तर मी या ट्रायलला हो म्हणेन. एका बाजूला जो उपचार तिला एरवी मिळणार होता तोच आहे. दुसऱ्या बाजूला चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात पारखलेली पद्धत आहे, फक्त तिच्या परिस्थितीतली खात्री बाकी आहे. शिवाय पुढची काही वर्षं ठरलेल्या तारखांना कोणीतरी तिची बारकाईने तपासणी करेल. पण आई म्हणाली, “मला पंधराच हवेत, पाचाने माझं समाधान होणार नाही,” तर ते कारणही पुरेसं आहे, तिला पटवत बसू नका. भावाला पुढच्या भेटीला सोबत न्या आणि बाहेर बाकावर न बसवता आत, डॉक्टरांसमोर बसवा. त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.

एवढं मात्र पाळा : घरातला वाद मिटेपर्यंत शेकाची तारीख पुढे ढकलू नका. केमो आणि ऑपरेशननंतर शेक फार लांबला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, मग तो १५ चा असो वा पाचाचा. डॉक्टरांना आजच फोन करून विचारा की उत्तर कधीपर्यंत दिलं तर चालेल, आणि त्या तारखेपर्यंत ठरलं नाही तर नेहमीचे १५ सुरू करायला सांगा.